लाल अंडं

ईस्टरनंतरचा मंगळवार. रुमानियातल्या याश शहराच्या इस्पितळात केमोसाठी नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर नणंद-भावजय. भावजयीच्या हातात नवा रिपोर्ट, मांडीवर ईस्टरसाठी उकडून लाल रंगवलेल्या अंड्यांची पिशवी.

“सावेता, आजार यकृतापर्यंत गेलाय म्हणे, आणि तू हसतेस?”

“मग काय वन्सं, कागदाला विचारून हसू?”

“मागच्या रिपोर्टला तर नाचली होतीस. कुठं गेलं ते सुख?”

“कागदावर आलं होतं, कागदाबरोबर गेलं. हा आनंद कागदानं आणलेला नाही. ईस्टरच्या रात्री चर्चमधून पेटत्या मेणबत्तीबरोबर घरी आणलाय मी.”

“मेणबत्ती कधीच विझली.”

“विझू दे की! येशू काही परत थडग्यात जाऊन झोपला नाही. हं, हे अंडं धरा. माझ्या अंड्यावर आपटा.”

“मुळीच नाही. ईस्टरला ज्यांनी अंड्यावर अंडं आपटलं, त्यांची वर गेल्यावर भेट होते म्हणतात. तुला वर धाडायची घाई नाही मला.”

“मला तरी कुठं आहे? पण तीस वर्षं तुमचे टोमणे ऐकून घेतलेत. उत्तरं द्यायला वर तुम्ही हव्यात मला. धरा म्हणते ना!”

“बरं बाई, धरलं.”

“टोक वर करून धरा.”

“सावेता मुंत्यानू! आत चला,” नर्सनं हाक मारली.

“थांबा हो बाई, महत्त्वाचं काम चाललंय! वन्सं, दरवर्षीसारखं उत्तर द्या हं. ख्रिस्त उठला आहे!”

टक्‌.

“खरंच... उठला आहे.”

“मोठ्यानं म्हणा. आत डॉक्टरांना ऐकू जाऊ दे.”