भक्तीला आणायची गाडी

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, मी धुरपदाबाईच बोलायले. सासूचा आवाज ओळखू येईना का आता, शिवकन्या? … बोल माय. थांब, आत जाते. अंगणात लय गलका हाय.

हां, बोल आता. … तुझा नवरा? हाय की, कुठं जातोय. गाडीखाली हाय. … फोन उचलत न्हाई? अगं कसा उचलंल, दोन्ही हात वंगणानं भरलेत. सकाळी चहा घेतला आन् गेला खाली, तवापासून आमालाबी दर्शन न्हाई.

… जेवला का म्हणून काय विचारतीस? गाडीचं झालं का ते विचार, आधी तिचं बघावं लागतंय. तिला साधं ऑइल चालत न्हाई. हैदराबादहून मागवायचं, तेच घालायचं. पेट्रोलबी भारीतलं पायजे, साधं घातलं की आतून टकटक आवाज करती म्हणे. तुझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं तेल आणायचं ध्यान दिवाळीपासून राहिलंय त्याच्या. हिचं ऑइल कसं टायमावर येतंय.

… हो, हो. तीनशे घोडे हायत म्हणे तिच्यात. चारी चाकांना जोर मिळतो, कसल्याबी चिखलातून निघती. निघंल की. चिखलापर्यंत पोचू तर दे.

आन् तुला हे ठाऊक हाय का? बाहेरून आला की गाडी लगेच बंद करत न्हाई. आतच बसून राहतो, इंजिन चालू ठेवून. मी म्हणले, कामून रे? तर म्हणला, आई, टर्बो तापलाय, त्याला जरा थंड होऊ द्यावं लागतंय. मी इकडं ताट वाढून बसलेली. भाकर थंड झाली, वरण थंड झालं, पण त्याचा टर्बो काय थंड होईना.

… हसू नगंस. तुला तिकडं माहेरी चुडाव्यात बसून हसायला काय जातंय. … बरं बरं, न्हाई बोलत. हस.

… मागच्या बारीचं म्हणतीस का, तुला न्यायला यायचं ठरलं होतं ते? … हो, माहीत हाय, तू बॅग भरून बसली होतीस. लेकराला न्हाऊमाखू घालून, काजळ लावून. मला समदं माहीत हाय. त्यानं काय सांगितलं तुला, शेतात काम निघालं म्हणून? … बघ. अगं, काम कसलं! आमी निघालो होतो. मी, तुझे सासरे आन् तो. मी नवं लुगडं नेसले होते. ताडकळसच्या अलीकडं करपट वास यायला लागला, आन् गाडी जाग्यावर बसली.

… ऐक ना, सांगते. त्याच्या आधी एक टायर फाटलं होतं तिचं. ह्यानं एक नवं आणलं. आता तूच सांग, एक फाटलं तर माणूस एकच आणतो ना? ट्रॅक्टरला तसंच करतो, मोटरसायकलला तसंच करतो. पण ह्या बाईसाहेबांना चारी चाकं सारखी लागतात. एक नवं आन् तीन झिजलेली असली, की नवं चाक जरा मोठं पडतंय, सावकाश फिरतंय. गाडीला वाटतंय, कोणचं तरी चाक घसरायलंय. मंग ती इकडला जोर तिकडं आन् तिकडला इकडं वाटत बसती, रस्ता कोरडा ठणठणीत असला तरीबी. ते जोर वाटायचं जे काय मधी बसवलेलं हाय ना, ते वाटून वाटून करपलं.

… मला कसं कळतंय? अगं घरात दुसरा विषय हाय का! झोपेतबी तेच बडबडतो.

पुढं ऐक. एक रिकामा ट्रॅक्टर चालला होता, तुझ्या सासऱ्यांनी हात करून थांबवला. गाडीचं तोंड वर उचलून मागं बांधलं, मागची दोन चाकं रस्त्यावर, आन् ओढत आणली घरी, पेडगावला. आमाला वाटलं, मागची नुसती फिरायलीत, त्यांना काय होतंय. हैदराबादच्या मिस्त्रीला व्हिडिओवर हे सांगितलं, तर त्यानं कपाळालाच हात लावला. असली गाडी चारी चाकं उचलून न्यायची असती म्हणे. जे काय थोडंफार धड राहिलं होतं, तेबी आमी ओढून ओढून संपवलं.

… मी कुठं बसले होते? ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. नवं लुगडं नेसून. समद्या गावानं बघितलं.

… न्हाई गं, त्यानं कसं सांगायचं तुला? इज्जत जाती ना. बारशाला तुमच्या दारात, समद्या पाहुण्यांत छाती काढून बोलून बसलाय. म्हणला, माझी लेक घरी येईल ती माझ्याच गाडीत बसून येईल. कोणी विचारलं होतं का त्याला? आता ते बोलणं गिळता येईना आन् थुंकता येईना. मी म्हणले, बाबा, मी रेल्वेनं जाते, दोघींना घेऊन येते. तर तोंड पाडून बसला. म्हणला, आई, आठ दिवस दे. त्याचे आठ दिवस अजून चालूच हायत.

… काय? … कोण म्हणलं? … परत म्हण.

… पोरगी झाली म्हणून नेईनात? … असं म्हणायलेत? … गल्लीतल्या बायांचं सोड. तुझ्या आईलाबी तसंच वाटायलंय का? कोंडाबाईला? … रडल्या? …

शिवकन्या, ऐक. मधी बोलू नगंस, ऐक. पाळणा टांगून ठेवलाय मी, माजघरात. रोज धूळ पुसते त्याची. येता-जाता हात लागला की रिकामाच हलतो, मला कसंतरी होतंय. बारशाला मांडीवर घेतलं होतं, त्याच्यानंतर मी माझ्या नातीला बघितलं न्हाई. फोनमधी दिसती, ते काय बघणं हाय? डोकं हुंगता येतंय का? पोरगी म्हणून नव्हं गं माय. गाडी म्हणून. एवढी लाजिरवाणी गोष्ट हाय, की लोकांना सांगितली तर खरी वाटायची न्हाई.

… उपडी पडायली? कवापासून? … आन् मला आज सांगायलीस? … न्हाई, रागावले न्हाई. कुठल्या कुशीवर वळती? … डाव्या. तुझ्या नवऱ्याचंबी तसंच होतं लहानपणी.

… आज? आज काय, सामान आलंय ना. मधी एक आलं होतं ते दुसऱ्याच गाडीचं निघालं, ते वापस केलं, आता हे आलंय. टायरबी चार नवीन. सकाळपासून दोघं लागलेत. … दुसरा सिद्धोधन. अगं तो, त्याचा दोस्त, परभणीत मोटरसायकलचं गॅरेज हाय त्याचं ते. हैदराबादचा मिस्त्री व्हिडिओवरून सांगायलाय आन् हे दोघं खोलायलेत. तो डावीकडला म्हणला की हे उजवीकडला खोलतात. मोबाईल उलटा धरलाय म्हणून तसं दिसायलंय, असं म्हणतो तुझा नवरा. इंजिनेर माणूस हाय, त्याला काय बोलावं.

थांब. … ऐकायलीस का? चालू झाली. … सिद्धोधन ओरडायलाय. … बंद पडली. … आता म्हणायलेत, कंप्युटर चूक दाखवायलाय. गाडीला कंप्युटर हाय, तो तेवढा खरं बोलतो.

बरं, मीच बोलत बसले. तू कशाला फोन केल्तास? … हां. … हां. … काय?

… कुठं? … फाट्यावर? कोणच्या फाट्यावर? … आपल्या?

… संगं कोण हाय? … कोणीच न्हाई? लेकराला घेऊन एकटी? … परभणीपर्यंत रेल्वेनं आन् पुढं जीपनं. … जागा भेटली का बसायला? … खिडकीची? बरं झालं.

… आईला काय म्हणलीस? … हळू सांग, गाडीच्या आवाजात ऐकू येईना. … "माझं घर हाय. मला न्यायला कशाला कोणी लागतंय." असं म्हणलीस?

…

… हाय, हाय. ऐकायले. … न्हाई, रडत न्हाई. … न्हाई म्हणते ना. लय बरं केलंस माय. लय बरं केलंस.

ऊन लागायलंय का तिला? … तिथं चहाचं हॉटेल हाय बघ, त्याच्या छपराखाली बस. डोक्यावर टोपडं हाय का? … चालत निघू नगंस, मी येते. … पायीच, कितीसं लांब हाय. दारात भाकरतुकडा ओवाळल्याबिगर माझ्या नातीला आत घ्यायची न्हाई, तेवढं काढून ठेवते आन् निघते. … हो, चप्पल घालायले. एका हातानं घालायले, थांब जरा.

… शिवशंकरला? … कामून सांगायचं? आता चाक खोललंय त्यानं. तो म्हणंल, थांबा, लावतो आन् मीच आणायला जातो. मंग तुमी दोघी मायलेकी दिवस बुडेपर्यंत फाट्यावर. … न्हाई, अजिबात सांगत न्हाई. राहू दे त्याला तिथंच.

… तिला बाप कसा दिसणार? दिसंल की. नुसते पाय बाहेर हायत त्याचे. आलीस की मीच दाखवते तिला. म्हणते, भक्ती, हे दोन पाय दिसायलेत ना, हा तुझा बाप. … हस आता, हस. ठेव, निघाले मी.