डोकं उन्हाळ्याचं, कड हिवाळ्याची

टोपीवाली : मान हलवू नका हो. हं. जरा सैलच वाटतेय का अजून?

घड्याळजी : जरा? भुवयांवर उतरलीय. बाई, हा सातवा मंगळवार.

टोपीवाली : वरती गवताचं डोकं आणि खाली लोकरीच्या फेल्टची कड, असली टोपी मागणारं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात दुसरं भेटलं नाही.

घड्याळजी : काय करू? टकलाला घाम येतो आणि कान गारठतात.

टोपीवाली : म्हणजे डोकं उन्हाळ्याचं, कड हिवाळ्याची. दोघांचे स्वभाव निराळे, जुळायला वेळ लागायचाच. हे होते तेव्हा गवत ते विणायचे, कड मी जोडायचे. तेव्हा या खुर्चीवर बसायला माणसं खोळंबायची. आता... ठेवून जा. पुढच्या मंगळवारी बघू.

घड्याळजी : पुढच्या मंगळवारी जमायचं नाही.

टोपीवाली : मग बुधवारी या.

घड्याळजी : उद्या लेक न्यायला येतेय. दुकान आवरलं मी.

टोपीवाली : चार दिवस राहून याल ना?

घड्याळजी : कायमचा चाललोय. जिन्यात दोनदा पडलो, ते कुणीतरी तिच्या कानावर घातलं.

टोपीवाली : गुणाची आहे हो पोर. पण टोपी अशी कशी न्याल? वाऱ्याने उडेल.

घड्याळजी : आत्ता घट्ट करून द्या. बसतो मी.

टोपीवाली : आत्ता? कड वाफेवर धरायची, वाळवायची, मग टाके...

घड्याळजी : बाई, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय. कडेच्या आतून जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. टोपी दुसऱ्याच खेपेला बरोबर झाली होती. तुम्ही उसवलीत.

टोपीवाली : उजेडाकडे धरू नका ती. द्या इकडे.

घड्याळजी : रागावलो नाही मी.

टोपीवाली : रागवून तर बघा! माझं भिंतीवरचं घड्याळ तीन महिने तुमच्याकडे. विचारलं की 'स्प्रिंग यायचीय'. चंद्रावरून यायची होती का?

घड्याळजी : आणलंय, पिशवीत आहे. त्याला काही झालंच नव्हतं. नुसती चावी संपली होती.

टोपीवाली : मला ठाऊक नव्हतं वाटतं? मीच दिली नव्हती.

(बराच वेळ फेल्टमधून दोरा ओढल्याचा तेवढा आवाज.)

टोपीवाली : घ्या. घाला.

घड्याळजी : बसली.

टोपीवाली : कानाला काचत नाही ना?

घड्याळजी : नाही.

टोपीवाली : नीट बघा. नाव ठेवायला थोडीसुद्धा जागा नाही?

घड्याळजी : नाही हो. अगदी बरोबर बसलीय.

टोपीवाली : मग झालंच म्हणायचं.

घड्याळजी : घड्याळ टांगून देतो.

टोपीवाली : त्या खिळ्याला. स्टुलावर चढू नका, हात पोचतो तिथे.

घड्याळजी : आठवड्यातून एकदा चावी द्यायची. मध्ये थांबू देऊ नका.

टोपीवाली : कुठल्या वारी देऊ?

घड्याळजी : मंगळवारी द्या.

टोपीवाली : मंगळवारीच देईन. तसंही आता मंगळवारी मला दुसरं काम नाही.