तारेचा धडा

नाई, मले एक सांगा गुर्जी, तुमी बार्शीटाकळीवरून आले, हे चांदूर बाजारवरून आले, सकाळच्या मोटरीनं धक्के खात आले, कशासाठी? तं आमच्या कमलाकांत गुर्जीचा इंग्रजीचा नमुना धडा पाहाले! पाहा ना बाप्पा, खुशाल पाहा, बाकं टाकले तुमच्यासाठी, पान्याचा माठ भरून ठेवला... पन ती तार घेऊन वर्गात मी काहून जाऊ? शिपाई आहो म्हनून? घंटा मी वाजवू, फळा मी पुसू, अन् तारही मीच नेऊ?

हसून राहिले तुमी! हसा, हसा. कोनती तार ते माहीत नाई ना तुमाले.

तुमाले सांगतो, कमलाकांत गुर्जी म्हंजे गाय मानूस. जिंदगीभर इंग्रजी शिकवलं, कसं? तं एक ओळ वाचली, मराठीत अर्थ सांगितला, पोट्ट्याईनं लिहून घेतला, झालं! अन् मंग निघाली ही नवी पद्धत. कायची पद्धत? तं इंग्रजीच्या तासाले मराठी बोलाचं नाई! एक शब्द नाई! वाक्याचा एक साचा घ्याचा, आता हे टाइमाचंच घ्या... इट इज टाइम टु ईट, म्हंजे जेवाची येळ झाली, इट इज टाइम टु स्लीप, म्हंजे झोपाची येळ झाली... पन हे असं मराठीत सांगाचं नाई ना! मंग समजावाचं कसं? तं वर्गात नाटक कराचं! खरोखरचा डबा आनाचा, खरोखरची चादर हातराची, एक पोट्टं घोरते, बाकीचे बोंबलते, अन् गुर्जी घामाघूम! दोनदा धडा पडला त्याईचा. हेडमास्तर मोरोपंतानं तोंडावर सांगितलं, "कमलाकांत, आता तपासनीस साहेब येताहेत. या वेळी जमलं नाही तर तुम्हाला बालवर्गावर टाकतील. मग माझ्याकडे येऊ नका."

अन् नेमकं त्याच वक्ती गुर्जीच्या घरच्या, गोदावरीवयनी, अमरावतीले दवाखान्यात! पोटात गाठ निघाली, भाऊ तिचा तिथं राहाते, तो घेऊन गेला. गुर्जीनं सुट्टी मागितली तं मोरोपंत म्हनते कसे, "धडा झाला की लगेच जा ना, कोण अडवतंय?"

झालं, सायेब आले. मांगच्या बाकावर बसले, पायावर पाय टाकून. मी डबा घेऊन आत गेलो, सारा वर्ग ओरडला, "इट इज टाइम टु ईट!" सायेबाची मान डोलली. मंग म्या छत्री नेली, "इट इज टाइम टु गो होम!" सायेब आनखी खूश. अन् मले तं मोरोपंतानं आधीच दम देला होता, "भगवंता, आत तोंड उघडायचं नाही. मराठी बोलायचं नाही!"

बाहेर येतो तं काय, दारात तारवाला! गुर्जीच्या नावाची तार. म्या इचारलं काय लिहिलं बापा, तं म्हनला, बाई सीरियस आहे, ताबडतोब निघा. आता तुमीच सांगा, काय करावं मानसानं? पयतच आत गेलो. पन बोलू काय? मराठी बोलाचं नाई! मुक्यावानी तार गुर्जीच्या हातात देली.

गुर्जीनं वाचली, अन् तोंड पांढरं फटक पडलं. कसंबसं म्हनलं, "माय वाइफ इज सीरियस. इट इज टाइम टु स्टार्ट."

सायेब ताडकन उठून उभे राहिले ना! मले वाटलं, आता गुर्जीचा हात धरते अन् म्हनते जा बापा लवकर... कायचं काय! "वंडरफुल! क्लास, रिपीट!" त्याईले वाटलं, डबा आला, छत्री आली, तशीच तारही आली, नाटकातली! अन् सारे पोट्टे एका सुरात, "इट इज टाइम टु स्टार्ट!" कवलं हालले हो शाळेचे! गुर्जीच्या डोळ्यातून पानी वाहाले लागलं, तं सायेब मोरोपंताले म्हनते, "काय अभिनय करतो हो हा माणूस!"

गुर्जी दाराकडे निघाले, तं सायेब आडवे. साचा पुरा झाला नाई ना अजून! "नाउ, फॉर हर!" अन् पोट्टे ओरडले, "इट इज टाइम फॉर हर टु स्टार्ट!" म्हंजे तिची निघाची येळ झाली... पोट्ट्याईले काय माहीत बाप्पा!

मंग गुर्जीनं हात जोडले. म्हनले, "साहेब, माही बायको मरून राहिली हो, मले जाऊ द्या!"

सायेबाच्या कपाळाले आठ्या. "नो मराठी, प्लीज."

अन् मोरोपंत? त्याईले समजलं होतं, तार खरी आहे म्हनून. पन सायेब खूश होते ना! खाली मुंडी घालून बसले. मंग मलेच राहवलं नाई, बाहेर गेलो अन् घंटा बडवली. टाइम झाला नव्हता तरी बडवली. सायेब घड्याळ कानाले लावून पाहून राहिले, अन् गुर्जी पळाले... पन मोटर गेली होती. दुसऱ्या मोटरीनं पोचले तं तिकडे सारं आटपलं होतं. तोंडसुदिक पाहाले भेटलं नाई.

तेरवी करून गुर्जी शाळेत आले. मोरोपंत म्हनते, "वाईट झालं हो. पण साहेबांनी तुमचा धडा नमुना धडा ठरवला. बाहेरगावचे शिक्षक पाहायला येतील. तीच तार ठेवा. फक्त या वेळी मराठी बोलू नका."

मले वाटलं, आता तरी हा मानूस भडकन. तं "बरं" म्हनले! माहं डोस्कं फिरलं. म्या म्हनलं, "गुर्जी, फाडून फेका ना ती तार!" तं खिशातून काढली, माह्या हातात देली, अन् म्हनते, "राहू दे भगवंता. या धड्यात तार आली का मी लगेच निघतो. कोनी अडवत नाई."

अन् निघून जाते कुठी? या व्हरांड्यात! छत्री घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभे राहाते घंटा होईपर्यंत. मी पानी नेऊन देतो, तं घेत नाई. अन् आत तुमच्यासारखे पाहुने टाळ्या वाजवतेत.

हं... मोरोपंतानं हाक मारली. चाला, बसा आत. आनतो मी तार, नाई म्हनून सांगतो कोनाले? फक्त गुर्जी निघाले का तुमच्या तोंडून "अरे देवा" निघू देऊ नका बाप्पा... वर्गात मराठी बोलाचं नाई.