राउटरवर बसलेलं मोहोळ

रंगराव : नवनाथ, सांगतो तुला, पण तुझा इश्वास बसायचा न्हाई. माझाबी बसला नसता, ह्या डोळ्यांनी बघितलं म्हणून बरं. काल दुपारी आग्या मोहोळ आलं घरात. गॅलरीतनं आत, आन् थेट तुझ्या राउटरवर बसलं.

नवनाथ : अकराव्या मजल्यावर, तात्या?

रंगराव : लिफ्टनं न्हाई आलं. उडत आलं.

नवनाथ : बरं. मला जयसिंगदादांनी पाठवलंय. कंपनीतून सकाळधरनं चार फोन केले त्यांनी. हॉलमधला कॅमेरा बंद पडलाय म्हणायलेत.

रंगराव : पडंल न्हाई तर काय. सुपाएवढं मोहोळ. राउटरची दोन्ही शिंगं दिसंनात.

जयमाला : तात्या, काल दुपारी मी घरातच होते.

रंगराव : तू आत भाकरी थापीत व्हतीस.

जयमाला : तीन वाजता?

रंगराव : मग झोपली असशील. सुनेच्या झोपेवर सासऱ्यानं बोलू न्हाई, म्हणून गप व्हतो.

नवनाथ : वहिनी, तुमच्या फोनवर वायफाय चालतंय?

जयमाला : चालतंय. टीव्हीपण चालतोय. तेवढा कॅमेराच मुका झालाय.

रंगराव : झाला ते ब्येस झालं. लई बोलत व्हता.

नवनाथ : कॅमेरा बोलतो?

जयमाला : ह्यांचा आवाज येतो त्यातून. चाकणला शिफ्टवर असले तरी मोबाईलमध्ये आमचा हॉल दिसतो. मार्चमध्ये तात्यांना इथल्या नाशिक हायवेवर चक्कर आली ना, तेव्हा बसवून घेतला.

रंगराव : एकदा आली चक्कर. एकदा. आन् आता चपलेत पाय घातला की भिंतीतनं पोरगं वरडतं, 'तात्या, कुठं निघालात, आत बसा.' पंचाहत्तर वर्सं ह्या मोशीत हिंडलोय मी. ही बिल्डिंग उभी हाय तिथंच जवारी काढलीय. भैरूच्या गोठ्यावर घोटभर चहा प्यायला जायचं, तर भिंतीला इचारून जाऊ व्हय?

नवनाथ : ते राहू द्या. मोहोळाचं काय झालं पुढं?

रंगराव : तेच सांगतोय. राणीमाशी म्हातारी दिसत व्हती. बसायला जागा शोधत मागं गेली. तिथं ते बारीक भोक असतंय बघ, त्यात शिरली. आत कायतरी दाबलं गेलं आन् समदे दिवे इझले.

नवनाथ : म्हणजे राउटर रिसेट झाला.

रंगराव : त्याला काय म्हंत्यात मला काय ठावं. आमी अडाणी.

नवनाथ : (मोबाईलमध्ये बघत) रिसेट झाला असता तर वायफायचं नाव, पासवर्ड, सगळंच पुसलं असतं. वहिनींचा फोन वायफायला जोडलाच गेला नसता. इथं एकच गोष्ट बदललीय. राउटरचा घरातला पत्ता.

जयमाला : घरातला पत्ता म्हणजे?

नवनाथ : घरातल्या प्रत्येक वस्तूला राउटर एक नंबर देतो, वहिनी. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, ही तुमच्या घराची गल्ली समजा. पुढं प्रत्येकाचा आपापला आकडा. फोन, टीव्ही राउटरला विचारून नंबर घेतात, गल्ली बदलली की मुकाट नव्या गल्लीत जातात. कॅमेऱ्याला मात्र मी हातानं पक्का नंबर लिहून दिला होता. तो बिचारा जुन्याच गल्लीत बसलाय.

रंगराव : बसू दे. आमची गल्ली बदलली तवा आमाला कुणी इचारलं व्हतं?

नवनाथ : आता त्या एकच्या जागी दोनशे चौदा आहे. हे आपोआप होत नसतंय तात्या. आत जाऊन कुणीतरी लिहावं लागतंय.

रंगराव : माशा लई हुशार आसत्यात.

जयमाला : किती म्हणालास?

नवनाथ : दोनशे चौदा. का हो?

जयमाला : ही बिल्डिंग ज्या रानात आहे त्याचा गट नंबर. बिल्डरला जमीन दिली तेव्हा सातबारा मीच आणला होता तलाठ्याकडून.

रंगराव : मग बरोबर हाय. गॅलरीच्या खाली आमचा आंबा व्हता. त्याच्यावरचंच मोहोळ असणार हे. गट ठावा असायचाच त्यांना.

नवनाथ : तात्या, कॅमेरा लावताना तुम्हीच मला चहा दिला. आणि विचारलं, 'घराचा नंबर बदलला तर ह्याला घर सापडंल का?' मी येडा, नाही सापडणार म्हणालो. कुठं बदलतात तेपण दाखवलं.

रंगराव : शिकवतोस चांगला. चष्म्यावर भिंग धरून राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड वाचला मी. दोन दिस लागलं.

नवनाथ : माझं काम जाईल हो.

रंगराव : मग घाल पुन्हा तो एकचा आकडा. तू जिना उतरायच्या आत मी दोनशे चौदा करीन. रोज करीन. जमिनीच्या कागदावर गप सही केली मी, पोराच्या सुखासाठी. ह्या डबड्यात तरी माझा गट ऱ्हाऊ द्या. आन् भिंतीनं मला 'आत बसा' म्हणायचं न्हाई.

नवनाथ : वहिनी, दादांचा फोन यायलाय. काय सांगू?

जयमाला : दे इकडं.

रंगराव : सांग त्याला खरं. मी भीत न्हाई.

जयमाला : थांबा तात्या. कॅमेऱ्यात मीही दिसते. परवा शेजारच्या शालनबाई येऊन बसल्या, तर भिंतीतून आवाज, 'कोण आलंय गं?' त्या चहा अर्धा ठेवून गेल्या.

रंगराव : हे मला कुणी सांगितलं न्हाई.

जयमाला : तुम्ही विचारलं नाहीत. आता ऐका. भैरूकडं जाताना मोबाईल खिशात ठेवायचा. मोठा रस्ता ओलांडायचा नाही. पाचला मी फोन करीन, तो उचलायचा.

रंगराव : उचलीन.

जयमाला : हॅलो. हो, नवनाथ आलाय. अहो, आग्या मोहोळ बसलं होतं राउटरवर. हो, अकराव्याच मजल्यावर. सुपाएवढं. कॅमेऱ्यात मध गेलाय म्हणतो. नाही, त्याचा काय दोष, तो तरी काय करणार. तात्या? आतल्या खोलीत झोपलेत. गाढ.

रंगराव : जयमाला, खोटं बोलतीस. चपला कवाच्या घातल्यात मी.