दर सालचा नकार

न्हाई न्हाई ताई, नवं पाकीट नकोय मला—हे परत आलंय, त्याच्यावर पोस्टमननं काय लिवलंय तेवढं वाचून सांगा. चष्मा घरी ऱ्हायला. शिनोलीवरनं आलेय, सारजाबाई. तुमच्या आधीचे साहेब वळखायचे मला—म्हनायचे, सारजाबाईंचं पाकीट आलं म्हंजे दिवाळी आली! दर साली एकच पाकीट—राजुरीला, माझ्या भावाला, संपतला. आत एकच वळ: भाऊबीजेला ये. साधं टपाल टाकलं तर म्हनंल, मिळालंच न्हाई—म्हनून रजिस्टर. आता त्याचं स्पीड पोस्ट झालं म्हनं—व्हऊ द्या, सही घिऊनच देत्यात ना?

येतो का? कशाचा येतोय! आठ वर्सं झाली. वडलांच्या जमिनीवरचा हक्क सोड, सही दे म्हनला—मी न्हाई दिली. काय चुकलं माझं? चुकलंबी असंल. तवापास्नं पाकीट न फोडता परत, वर लिवलेलं—घेण्यास नकार. पोरं चाकणला असत्यात, ती म्हनत्यात, आई, कशाला शोभा करून घेतीस? त्यांना काय कळतंय! नकार द्यायला मानसाला दारात यावं लागतं, ताई. पोस्टमन हाक मारनार, ह्यो उठनार, माझं नाव बघनार, मंग तोंड वाकडं करून म्हननार—न्हाई घेत, जा! म्हंजे हिंडतोय-फिरतोय, बरा हाय. दुसरं कोन सांगतंय मला त्याचं? भावकी तर फोनबी उचलत न्हाई. भाऊ नसला की चंद्राला ओवाळत्यात ना, तशी मीबी ओवाळते—पर मनात म्हनते, माझा हाय, रुसलाय नुसता.

ह्या साली एक वळ वाढवली व्हती—सही देते, जमीन घे, पर ये. पोरांना ठावं न्हाई हां, तुमाला म्हनून बोलले. त्यानं ते फोडलंच न्हाई बघा. आन् औंदाची अक्षरं दर सालसारखी न्हाईत—म्हंजे, चष्मा न्हाई, पर तेवढं दिसतं मला. पुण्याला गेला असंल पोराकडं, न्हाई का? घर बंद, असं कायतरी लिवलं असंल. वाचा ना. मोठ्यानं वाचा.

पाकीट उलटं का ठिवलंत?

असं नका बघू माझ्याकडं. चष्मा पिशवीतच हाय. चौथी शिकलेय मी. मालक मयत—मालक म्हंजे पाकीट ज्याच्या नावचं त्यो—परवापास्नं धा बारी वाचलंय. वाटलं, दुसऱ्यानं वाचलं तर येगळं निघंल. कवा गेला, कशानं गेला—कुनी एक निरोप धाडला न्हाई ओ मला. सख्खी बहीन मी त्याची.

एक करा ताई. तुमच्या हातात पेन हाय. ते खोडा आन् वर लिवा—घेण्यास नकार. तेवढंच लिवा. मी कुनाला सांगत न्हाई.

न्हाई जमत? बरं.

द्या हिकडं पाकीट. मागं लोकं खोळंबल्यात, त्यांचं घ्या.