निम्मी शक्यता

"मावशी, हे आजोबा दिवसाढवळ्या पिऊन आलेत का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शिरूर-दौंड एसटीत मी खरंच विचारलं! समोर आपला मुलगा आणि मुलगी, म्हणजे या मावशी, यांच्यामध्ये बसलेल्या आजोबांचे हातपाय आपोआप नाचत होते.

"थेंबाला शिवले न्हाईत आप्पा! आजार हाय. बघ महेंद्रदादा, पोरीबाळींनाबी दिसतंय. तू करुणाच्या घरी काय सांगितलंस?"

"पाय घसरून पडले, म्हणून लचक भरलीय."

"लचक! डॉक्टर काय म्हणाले? एका जीनमधी बिघाड, त्यानं मेंदूत प्रोटीन वाकडं बनतंय. लेकरांनाबी निम्मी शक्यता."

"गौतमे, हळू बोल."

"मी तपासणीला चाललेच हाय, तू करत न्हाईस. बरं, करुणाला सांग, तर तेबी न्हाई!"

"सोयरीक मोडंल गं."

"मोडू दे! 'आम्ही पत्रिका बघत न्हाई, विज्ञान मानतो,' असं माईक धरून बोलतोस ना? मंग तिलाच का अंधारात ठिवतोस?"

"रविवारी साखरपुडा हाय. लग्नानंतर सांगतो की."

"म्हंजी पोर झाल्यावर? अरं, निमोण्यात बालवाडी चालवती ती, शहाणी हाय. तिचं तिला ठरवू दे!"

निमोण्यात बालवाडी चालवणारी करुणा एकच आहे, माझी मामेबहीण.

घरी पोचल्यावर दप्तरही न उतरवता मी म्हणाले, "आई, बाबा, मी आत्ता मामाकडे निघालेय. रविवारच्या आधी करुणाताईला सगळं सांगणार. तुम्ही येताय, का मी एकटीच जाऊ?"