उडायचा भत्ता

माझं माहेर खर्ड्याचं, जामखेड तालुका, अन् सासर हे पारनेरचं, म्हंजी पारनेरच्या यष्टी स्टँडावरनं आत चालत तासभर लागतो तेवढ्यावर. पानी तिथंबी नव्हतं अन् इथंबी न्हाई, त्यामुळं लगीन झाल्यावर मला नवीन असं काय वाटलंच न्हाई, घागर तेवढी बदलली. आमी बौद्ध, माहेरी जमीन नव्हती, सासरी हाय ती दीड एकर बरड, म्हनून बापानं जमीन बघितलीच न्हाई, नोकरी बघितली. सासरे रस्त्याच्या कामावर गँगमन हुते, डांबराच्या धगीनं पाय सोललेले, पन पोराला भरतीला त्यांनी स्वतः नेलं, अन् पोरगं लागलं थेट हवाई दलात. आमच्या वस्तीतला पयला. बापानं खर्ड्यात सगळ्यांना सांगितलं, जावई विमानावर हाय. लोकांना वाटायचं जावईच विमान चालवतो, अन् बापानं ते कुनाला दुरुस्त करून सांगितलं न्हाई.

तुमी पगाराचं इचारलंत ना, तर त्याचं सांगते, कारन आमच्या घरात पगार हा रेडिओवानी हुता, सगळ्यांनी मिळून ऐकायचा. हे सुट्टीवर आले की मामा, म्हंजी माझे सासरे, चष्मा लावायचे अन् पगाराची चिठ्ठी वाचायला बसायचे. मूळ पगार वेगळा, महागाई वेगळी, कपड्यांच्या निगेचं वेगळं, केस कापायचं अन् धुलाईचं वेगळं. सासूबाई म्हनल्या, केस कापायचे पैसं सरकार देतं तर मग हा पोरगा चौकातल्या न्हाव्याला उधार का ठेवतो. त्यात एक चांगल्या वागनुकीचं बी असतं, खरंच असतं, शिक्षा न होता वर्सं काढली की बाहीवर पट्टी मिळती अन् तिचे थोडे रुपये. मी ह्यांना म्हनले, तुमच्या घरात मी एवढी वर्सं गुमान वागते, माझी पट्टी कुठंय. हे हसले. तवा लई हसायचे हे.

पन काय सांगू तुम्हाला, हे सगळं चिल्लर. मोठा हुता तो उडायचा भत्ता. हे फ्लाइट इंजिनियर, म्हंजी शिकलेले इंजिनियर न्हाई, हवाई सैनिकच, पन विमान वर गेलं की पायलटच्या मागं बसून इंजनाकडं बघायचं, काटे बघायचे, आवाज ऐकायचा. छातीवर एकाच बाजूचा पंख. विमान मालाचं, बर्फातल्या जवानांना पीठ, रॉकेल, भाजी घेऊन जायचं अन् येताना सुट्टीवर जानारी मानसं घेऊन यायचं. जमिनीवर काम करनाऱ्याला तो भत्ता न्हाई, फक्त उडनाऱ्याला, अन् तो बी दरसालच्या डाक्तरी तपासनीत पास झाला तरच. डोळं, कान, छाती सगळं बघायचे. नापास झाला की पंख छातीवर ऱ्हातो, पन पैसं काही महिन्यांनी बंद. हे नीट लिवा, कारन सगळं ह्याच्यावरच अडलं.

त्या भत्त्यावर माझी नणंद, शोभा, डीएडला गेली. मामांनी ठरवूनच टाकलं हुतं, पगारात घर अन् उडायच्या पैशात शोभा. नगरला हॉस्टेल, मेस, पुस्तकं, सगळं त्यातून. मी तवा ह्यांच्याबरुबर उत्तरंला क्वार्टरात ऱ्हायला गेल्ते, पोरगी तीन वर्साची हुती, अन् दर महिन्याला मनीऑर्डरीचा फॉर्म मीच भरायची. खालच्या कोऱ्या जागेत लिवायची, शोभाचे.

अन् मग एक दिवस मला कळालं की हे डाव्या बाजूनं बोललेलं ऐकत न्हाईत. कसं कळालं, तर पोरगी ह्यांच्या डावीकडं बसून बाबा बाबा करत हुती अन् हे पेपर वाचत हुते, शेवटी तिनं ह्यांचा कान धरून ओढला. मी म्हनले, आवो, ऐकू येत न्हाई का. तर म्हनले, सर्दी हाय. सर्दी म्हंजी किती दिवसाची, सहा महिन्याची? मग खरं बोलले. वर-खाली करून करून, त्या इंजनाच्या आवाजानं, कानात काय झालंय ते कळंना, पन डावा गेल्यातच जमा. म्हनले, कुनाला बोलू नको, शोभाचं अजून दीड वर्स हाय.

आता इथं माझी चूक हाय, ती मी झाकनार न्हाई. तपासनी आली. कान मशीनवर तपासायचं दर वेळी व्हायचंच असं न्हाई, बहुतेक डाक्तर तोंडीच घ्यायचे. म्हंजी काय, एक कान बोटानं दाबून धरायचा, डाक्तर मागं लांब उभा ऱ्हाऊन हळू आवाजात आकडे बोलतो, शब्द बोलतो, ते आपन परत बोलायचे. मग दुसरा कान. तर आमी क्वार्टरात त्याची तालीम केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी ऱ्हायची अन् हळूच म्हनायची, सत्तावन, बासष्ट, हिंदीतबी म्हनायची, इंग्रजीतबी म्हनायची, अन् हे भिंतीकडं तोंड करून उजव्या कानात बोट घालायचे, पन बोट सैल. बाहेरनं बघनाऱ्याला वाटावं गच्च दाबलाय. किती सैल धरायचं ते मीच बघून सांगितलं, आनखी थोडं, दिसतंय, आता न्हाई दिसत. पोरगीला खेळ वाटला, ती बी कानात बोट घालून आकडे म्हनायची. पंधरा दिवस केली तालीम, अन् हे पास झाले. मी गोड शिरा केल्ता त्या दिवशी. आता आठवलं की तो शिरा घशात येतो.

ह्यांच्या बरुबरीचे एक सर्जेराव भाऊजी हुते, कोपरगावचे, उसावाल्यांच्या घरचे, तेबी फ्लाइट इंजिनियरच. परक्या मुलखात नगर जिल्ह्याचा मानूस म्हंजी सख्खा भाऊ. सनाला त्यांच्या घरून पुरनपोळी यायची, चौदा एप्रिलला आमच्या घरी ते पोराबाळांसकट जेवायला. त्यांना ह्यांचं वळखू आलं हुतं. एकदा सगळ्यांच्या देखत म्हनले, अरे बाबा, कान दाखव जाऊन, भत्ता जाईल पन बाकीचं ऱ्हाईल. ह्यांना ते झोंबलं. म्हनले, तुझ्या घरी ऊस हाय, तुला बोलायला काय जातं.

मग जेवताना एक दिवस ह्यांनीच सांगितलं, हसत हसत सांगितलं. वर विमानात पायलटनं हेडफोनमधी काहीतरी म्हनलं, ह्यांना कळालं न्हाई, परत म्हनलं, तरी कळालं न्हाई, तर ह्यांनी नुसती मान हलवली. मी म्हनले, मग? हे म्हनले, कायबी झालं न्हाई, साधंच काहीतरी हुतं. मी इचारलं, अन् विमानात किती मानसं हुती? म्हनले, पंचवीस-तीस असतील, सुट्टीवर चाललेली.

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला अन् जेवत ऱ्हायले. माझ्या मनातनं काही ती मानसं जाईनात. त्यांच्या घरीबी कुनी पिशवी भरून ठिवली असंल, बायकोनं डोकं धुतलं असंल, आज येनार म्हनून. अन् माझा नवरा त्यांच्यात बसून न ऐकता मान हलवतोय, अन् त्याला पास मी केलाय. शोभाचं शिक्शान एकीकडं अन् ही मानसं एकीकडं, अन् ह्यांचा जीव तर त्यात हायच की. मी ह्यांना सांगून बघितलं, दोन वेळा, तीन वेळा. म्हनले, बायकांनी विमानात डोकं घालू नये.

पोरगीला खोकला हुता, तिला घेऊन मी दवाखान्यात गेले, तिथं डाक्तरीनबाई हुत्या, त्याबी वर्दीतल्याच. पोरगीला तपासून झालं तरी मी उठंना. त्यांनी इचारलं, और कुछ? माझं हिंदी तवा मोडकं, पन मी बोलले, मेरे मालिक का बाया कान गया है, वो उंगली ढीली रखता है. त्यांनी पोरगीच्या औषधाची चिठ्ठी लिवून माझ्या हातात दिली. मग म्हनल्या, तुमने मुझे कुछ नहीं बताया, घर जाओ. मी घरी आले, भात लावला.

आठ दिवसांत ह्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, मशीनवर बसवलं. तिथं बोट कामाचं न्हाई. तब्येतीची वर्गवारी खाली आली, उडनं बंद, जमिनीवर स्टोअरला काम. अन् काही महिन्यांनी पगाराच्या चिठ्ठीवरनं ती भत्त्याची ओळच गेली. हे घरी आले ते बूट न काढता बसले अन् म्हनले, सर्ज्यानं चुगली केली.

काय सांगू तुम्हाला. तोंडापोतर आलं हुतं माझ्या, मी सांगितलं, मी. पन ह्यांचं तोंड बघितलं अन् गिळलं. सर्जेराव भाऊजी घरी आले, दारातनंच म्हनले, गड्या मी न्हाई रे, पोरांची शपथ. ह्यांनी दार लावून घेतलं. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. त्यानंतर पुरनपोळी न्हाई, चौदा एप्रिल न्हाई. स्क्वाड्रनमधी, म्हंजी ह्यांच्या तुकडीतबी लोकांनी भाऊजींबरुबर बोलनं कमी केलं, कारन जोडीदाराची चुगली करनारा त्या नोकरीत लई वाईट समजतात. त्यांनी बदली मागून घेतली. जाताना त्यांची बायको मला भेटून गेली, तिनं कायबी इचारलं न्हाई, तिचा उरलेला गॅस मला देऊन गेली.

शोभाचं इचाराल तर झालं बाई तिचं. मी साड्यांना फॉल-पिको करायला लागले, क्वार्टरातल्या बायकांच्या साड्या, लई काम मिळायचं. मामांनी गावाकडं दुसऱ्याच्या शेतावर राखनदारी धरली. मामांना ह्यांनी पत्रात लिवलं, भत्ता गेला, तर मामांचं उत्तर आलं, पोरगं खाली आलं ते बरं झालं, तू वर असलास की तुझी आई आभाळाकडं बघत बसायची, पानी प्यायची न्हाई, आता ते तरी पिईल. ते पत्र वाचून मी रडले, कारन ज्यांच्यासाठी हे एवढं लपवत हुतो त्यांना त्याची गरजच तेवढी नव्हती. शोभा आता झेडपीच्या शाळंवर हाय.

ह्यांची वर्सं भरली, पेन्शन घेऊन आमी गावाला आलो. आता उजवा कानबी कमी झालाय. अन् ह्या दिवाळीनंतर एक दिवस बघते तर रस्त्यावरनं सर्जेराव भाऊजी चालत येत्यात, हातात पत्रिका, केस पांढरे झालेले. पोरीचं लगीन. हे ओट्यावर खाटेवर बसल्ते. भाऊजी म्हनले, राम राम. ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं, डावा कान भाऊजींकडं करून बसले. भाऊजी उभेच. पत्रिका खाटेवर ठिवली अन् मागं वळले, पानीसुदिक न पिता.

तवा माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी ह्यांच्या उजव्या बाजूला गेले अन् वरडून सांगितलं, हळू सांगून ह्यांना कळत न्हाई ना, त्यामुळं सगळ्या आळीनं ऐकलं. म्हनले, भाऊजींनी न्हाई सांगितलं, मी सांगितलं, डाक्तरीनबाईला मी सांगितलं, बोट सैल धरता तेबी मीच सांगितलं. काय करायचं ते माझं करा.

भाऊजी जागच्या जागी थांबले. ह्यांनी खाटेवरनं पाय खाली सोडले. मला वाटलं उठून मारत्यात का काय, कधी मारलं न्हाई, पन वाटलं. मग हे भिंतीकडंच बघून म्हनले, मला म्हाईत हुतं. मी म्हनले, काय? म्हनले, पयल्या दिवसापासून म्हाईत हुतं. हॉस्पिटलात डाक्तर म्हनला, इथं सैल बोट चालनार न्हाई, अन् बोट सैल असतं हे तुझ्याशिवाय कुनाला ठावं हुतं. पन तुझ्यावर राग धरला असता तर तुझ्या हातचं जेवलो कसा असतो मी, रोज. म्हनून त्याच्या नावावर घातला.

मी ओट्यावरच बसले. मी सहा वर्सं भीत हुते की ह्यांना कळंल, अन् ह्यांना कळलेलंच हुतं, अन् आमच्या दोघांचा संसार धड ऱ्हावा म्हनून तिसराच मानूस शिक्षा भोगत हुता. भाऊजींनी रागवायला पायजे हुतं, खरं सांगते, मी वाट बघत हुते त्यांनी रागवायची. त्यांनी पायताण काढलं, खाटेवर ह्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसले, अन् मोठ्यानं म्हनले, चार दिवस आधी या, मांडवाला मानसं कमी हायेत.

आता परवा निघायचंय कोपरगावला. ह्यांनी पेन्शनीतनं पोरीसाठी पैठनी घ्यायचं काढलंय, घ्या म्हनले, मी काय आडवी येनार. त्या विमानात बसून गेलेली मानसं घरोघर पोचली, सुखी असतील, त्यांचं भलं व्हवो. भत्ता गेल्याचं मला तवाबी वाईट वाटलं न्हाई अन् आताबी न्हाई. पन ते सहा साल सर्जेराव भाऊजी मित्राच्या नजरेतनं उतरून नोकरी करत ऱ्हायले, त्यांच्या त्या दिवसांचं मी काय करू, तुमी शिकलेली मानसं, तुमीच सांगा. लग्नात जाऊन त्यांच्या पोळ्या लाटीन, भांडी घाशीन, तेवढंच माझ्या हातात हाय.